दोन खोल्या, सात माणसं

कारखान्यानं दिलेल्या आमच्या क्वार्टरमध्ये कोणी कुठं झोपायचं हे रोज संध्याकाळी नव्यानं ठरायचं. ठरवायची आई. बाबांची शिफ्ट कोणती, कूलरच्या टाकीत पाणी आहे की नाही, माझ्या धाकट्या भावाचा, सुमेधचा, कोणता पेपर जवळ आलाय, काकांचं ड्रेसिंग आज झालं की उद्या आहे, हे सगळं तिच्या डोक्यात एकाच वेळी चाललेलं असायचं. कणीक मळता मळता ती आतूनच सांगायची, "आजीले आज आतल्या खोलीत घे, आन् काकाची गादी खिडकीपासून थोडी सरकव." मी आणि काकू मग गाद्या, सतरंज्या, गोधड्या ओढत बसायचो. एक गादी सरकवली की दुसरी अडायची. आजीला कूलरचा वारा सोसत नसे. काकांचा पाय लांब पसरलेला, एका बाजूला भिंत हवी आणि दुसऱ्या बाजूनं मोरीपर्यंत वाट मोकळी हवी. छकुली, म्हणजे काकांची पाच-सहा वर्षांची मुलगी, झोपेत उठून चालायची, तिला दाराजवळ ठेवता येत नव्हतं. सुमेधला बारावीच्या अभ्यासासाठी बल्बखालची जागा लागे. बाबांना पहाटेच्या शिफ्टला निघताना कोणाच्या अंगावरून पाय टाकून जायला लागू नये, हा घरातला सर्वात पक्का नियम; झोपलेल्या माणसाला ओलांडणं बाबांना अजिबात खपत नसे. आणि बैठकीच्या ज्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, त्या बाजूला कोणाचेही पाय करायचे नाहीत.

बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर, होते. भट्ट्यांच्या दारांपाशी उभं राहून त्यांच्या आवाजाला एक घोगरेपणा आला होता, त्यामुळे ते कमी बोलायचे आणि बोलले की सगळे ऐकायचे. काका त्यांचे धाकटे भाऊ. गोंदियाकडच्या आमच्या गावात कवेलू, म्हणजे कौलं, फिरवताना ते छपरावरून खाली आले आणि मांडीचं हाड मोडलं. गावाकडे प्लास्टर घातलं ते चुकलं, आतून हाडात पू धरला. बाबांनी गाडी करून त्यांना भिलाईला आणलं. डॉक्टरांनी पाय पाहून बाबांना बाजूला नेलं आणि स्वच्छ सांगितलं की दिवसाआड ड्रेसिंग, सुया आणि मधेमधे हाड खरवडणं, असं कित्येक महिने चालेल. यात खंड पडला तर पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागेल. काकांसोबत काकू आल्या, काकूंसोबत छकुली, आणि मुलाचा पाय बघितल्याशिवाय चैन पडेना म्हणून आजी आली. भिलाईत यात नवल काहीच नव्हतं. आमच्या रांगेतल्या कोणत्याही क्वार्टरमध्ये डोकावलं तर गावाकडून दवाखान्यासाठी आलेलं कोणी ना कोणी बाजेवर पडलेलं दिसायचं. आंध्रातले, केरळातले, बिहारमधले, सगळ्यांचे पाहुणे असेच.

त्या दिवसांचे आवाज मला अजून ओळीनं आठवतात. पहाटे कारखान्याचा भोंपू, मग बाबांच्या सायकलचं स्टँड, मग आईचा स्टोव्ह. गॅस होता, पण एवढ्या माणसांच्या अंघोळीचं पाणी ती स्टोव्हवर तापवायची. दुपारी कूलरचा घरघराट आणि त्यात काकांचं कण्हणं. ते कण्हणं लपवायला काका रेडिओ लावायचे. संध्याकाळी काकू तांदळाच्या पिठाचे चिले, म्हणजे धिरडी, काढायच्या, त्याचा चर्र आवाज. आई लाखोळीच्या डाळीचं घट्ट वरण करायची, वर लसणाची फोडणी, आणि भात असा शिजवायची की सकाळी उरलेल्याची बासी करता यावी. पाण्यात भिजवलेला तो शिळा भात, कांदा, मिरची. उन्हाळ्यात मी अजूनही तेच खाते, आणि पुण्यातले माझे शेजारी अजूनही त्याकडे संशयानं बघतात.

मी तेव्हा इंजिनिअरिंग संपवून घरी बसले होते. सकाळ-संध्याकाळ शाळेच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचे, दुपारी कॉम्प्युटरसमोर. जवळच्या सुपेला वस्तीतला एक सायबर कॅफे बंद झाला तेव्हा बाबांनी तिथला एक जुना कॉम्प्युटर आणला होता, तो आतल्या खोलीत लोखंडी कपाटाला टेकून ठेवलेला. कॉलेजात असताना मला कोड्यांचे खेळ बनवायचा नाद लागला होता. गोळ्या झाडायच्या नाहीत, धावायचं नाही, नुसतं बघायचं आणि विचार करायचा, असे खेळ. जगात कुठंकुठं एकेकटी माणसं असे खेळ बनवतात आणि आपापल्या वेबसाइटवर ठेवतात हे मी पाहिलं होतं. एका संध्याकाळी गाद्या लावता लावता मी थबकले. हे तर कोडंच आहे. दोन खोल्या, एक दार, एक मोरी, एक कूलर, एक बल्ब, एक तसबीर, आणि प्रत्येकाची आपली अट.

खेळ बनवायला पावसाळा आणि हिवाळा गेला. माणसं म्हणजे नुसते रंगीत चौकोन. आजी पांढरी, काका लांबट आणि तांबडे, काकू हिरव्या, छकुली एवढीशी पिवळी. चौकोन सरकवायचे, कोणाची अट मोडली तर तो चौकोन जागा राहतो, सगळे झोपले की कोडं सुटलं. नाव ठेवलं 'ओलांडू नका'. खेळापेक्षा जास्त जीव मी त्याच्या वेबसाइटवरच्या पानात ओतला. आधी मी लांबलचक लिहिलं होतं, खेळ कसा सुचला, कसा खेळायचा, मी कोण. मग रोज थोडं थोडं पुसत गेले. शेवटी पांढऱ्या पानावर आमच्या क्वार्टरचा बारीक रेघांचा नकाशा राहिला, त्याच्याखाली मराठीत आणि इंग्रजीत एक ओळ, 'दोन खोल्या, सात माणसं. कोणालाही न ओलांडता सगळ्यांना झोपवा.' त्याखाली 'खेळा' एवढा एक शब्द. आणि तळाशी लहान अक्षरात माझं पूर्ण नाव, गाव भिलाई, आणि हा आमचाच क्वार्टर आहे, सेक्टर नि ब्लॉकसकट. ते शेवटचं मी पुसलं नाही. ते खरं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. हल्लीची मुलं खेळ दाखवताना केवढा गाजावाजा करतात, हलती चित्रं, संगीत, मोठ्या माणसांची शिफारस. मला आजही वाटतं की त्या पांढऱ्या पानाइतकं नीट मी आयुष्यात काही मांडलं नाही.

घरात पहिल्यांदा तो काकूंनी पाहिला. तांदूळ निवडायचं ताट हातात घेऊन त्या माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. ताटातले खडे वेचता वेचता पडद्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "मी कोणती व्हय यातली?" मी हिरवा चौकोन दाखवला. त्यांनी तो सरकताना पाहिला, काकांच्या तांबड्या चौकोनाशेजारी लागताना पाहिला, आणि ताट उचलून निघून गेल्या. त्यांना आवडलं की लागलं ते मला कळलं नाही आणि विचारायचा धीर झाला नाही. लहानसे खेळ जमवून इंटरनेटवर त्यांचं प्रदर्शन मांडणारी काही मंडळी होती. त्यांना मी पानाचा पत्ता पाठवला होता. थंडी सरता सरता त्यांचं उत्तर आलं की खेळ निवडला आहे, प्रदर्शन महिन्याअखेरीस उघडेल, तोवर पान आहे तसं राहू दे.

त्याच आठवड्यात बाबा शिफ्टवरून लवकर परतले. सायकल लावली, पण आत येऊन हातपाय धुतले नाहीत, नुसतेच खुर्चीत बसले. आईनं पाणी दिलं ते हातात धरून राहिले. मग सांगितलं की क्वार्टरचं काम बघणाऱ्या ऑफिसातून बोलावणं आलं होतं. कोणीतरी लेखी तक्रार केली आहे की आम्ही क्वार्टरमध्ये किरायेदार ठेवले आहेत. तसं खरंच चालायचं. कोणी खोली भाड्यानं द्यायचे, कोणी पूर्ण क्वार्टर, आणि सापडले की क्वार्टर जायचा. तक्रारीसोबत पुरावा म्हणून माझ्या पानाची छापील प्रत जोडली होती. नकाशा, ब्लॉक, नाव, सगळं. खाली कोणीतरी पेन्सिलनं हिंदीत अर्थ लिहिला होता, 'दो कमरे, सात लोग'. आमच्या नावावर क्वार्टरमध्ये चार माणसांची नोंद होती. तक्रार कोणी केली ते शेवटपर्यंत कळलं नाही. मधे काही दिवस आम्ही रांगेतल्या प्रत्येकाकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं, एवढं मात्र झालं, आणि ते फार वाईट होतं.

दोन दिवसांनी बाबांना पुन्हा बोलावलं आणि पान बनवणाऱ्या मुलीलाही आणा म्हणून सांगितलं. मी बाबांच्या सायकलवर मागं बसून गेले, लहानपणी बसायची तशी. बाबांच्या पिशवीत काकांची दवाखान्याची फाईल होती. ऑफिसात एका बाकावर आम्ही बराच वेळ बसलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि कॉलरचं बटण लावलं होतं. त्यांच्या मानेवर घाम आलेला मला दिसत होता. आतल्या मॅडम पन्नाशीच्या होत्या, वागायला वाईट नव्हत्या. त्यांनी फाईल चाळली, मला विचारलं की हे काय आहे. मी हिंदीत सांगितलं की हा खेळ आहे, कोडं आहे. त्यांनी विचारलं, खेळ आहे तर त्यात खरा क्वार्टर आणि खरी माणसं कशाला? मी बाबांकडे पाहिलं. मॅडमनी प्रत टेबलावर उलटी ठेवली. म्हणाल्या की मला यात पडायचं नाही, तुमचा रेकॉर्ड चांगला आहे, घरी जाऊन हे पान काढून टाका, मी लिहिते की पान काढलं, तक्रारीत पुरावा उरला नाही, आणि भावाला हळूहळू दुसरीकडे हलवा. मी मनातल्या मनात तेवढ्यात पान काढूनसुद्धा टाकलं होतं. एक फाईल खोडायची, एवढंच काम. मी हो म्हणणार होते. माझ्या शेजारून बाबा बोलले.

"मॅडम, पेज नहीं हटेगा."

मॅडमनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. बाबा उभे राहिले होते. त्यांना बसून बोलता आलं नसतं, साहेबांसमोर बसून बोलायची सवयच नव्हती. ते म्हणाले, "जो लिखा है, सच लिखा है. भाई है मेरा. आप आके गिन लो." मॅडम कोरडेपणानं म्हणाल्या की ठीक आहे, मग घराची तपासणी होईल, आणि एकही माणूस जास्तीचा निघाला तर माझ्या हातात काही राहणार नाही.

 घरी आल्यावर आईनं त्यांना सोडलं नाही. ती कधी आवाज चढवत नसे, त्या दिवशीही चढवला नाही, त्यामुळे जास्त भीती वाटली. कॉम्प्युटरमधलं एक चित्र काढायला काय जात होतं, सुमेधची परीक्षा तोंडावर, क्वार्टर गेला तर एवढी माणसं घेऊन मी जाऊ कुठं, कुरुदच्या वस्तीत झोपडी बांधू का, असं ती एकेक विचारत गेली. बाबा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "काढलं असतं तं माझा भाऊ किरायेदार झाला असता." आतल्या खोलीत काकांनी रेडिओचा आवाज वाढवला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगणं कठीण आहे. तपासणी कधी होईल हे सांगत नसत. दारावर थाप पडली की सगळे आपापल्या जागी थांबायचे, मग दूधवाला किंवा शिकवणीचा मुलगा निघायचा. आई बाबांशी कामापुरतं बोलायची, ताट ठेवताना जरा जास्त आवाज व्हायचा. जेवणात चव होती की नव्हती कोण जाणे, आम्ही खाली मान घालून जेवायचो. सुमेध पुस्तक उघडून एकाच पानाकडे बघत बसायचा. मी रोज ते पांढरं पान उघडायचे आणि बंद करायचे. माझ्या एका ओळीनं एवढं झालं होतं आणि ती ओळ आता माझी राहिली नव्हती. काढायचीही सोय नव्हती. एका दुपारी मी आत गेले तर काकू कपाटामागून पिशवी काढून तीत कपडे भरत होत्या. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. ड्रेसिंग दुसऱ्या दिवशी होतं. मी म्हटलं की काकू, हे काय करून राहिल्या. त्यांनी छकुलीचा फ्रॉक घडी करून आत ठेवला.

"तू मले त्या चित्रातून काढून टाक, करुणा," त्या म्हणाल्या. "छकुलीलेबी काढ. पाचच राहतीन. मंग कोणाले डोळ्यात खुपनार नाई."

 पिशवी आईनं रिकामी केली. ती कधी आली ते कळलंही नव्हतं. तिनं पिशवी उचलली, गादीवर उलटी केली, कपडे पुन्हा दोरीवर टाकले, आणि काकूंना म्हणाली की तांदूळ निवडायचे राहिले आहेत. काकू रडल्या नाहीत. तांदूळ निवडायला गेल्या. त्या रिकाम्या पिशवीची पुढं आईनं भाजीची पिशवी केली.

आणि मग ते आले. दुपारची वेळ, बाबा पहिल्या शिफ्टला, कूलर चालू, आजी ओसरीत पाय चोळत बसलेली. दोघं होते, एक वयस्कर आणि एक तरुण, तरुणाच्या हातात कागद लावलेली पाटी. दारातूनच त्यांनी सांगितलं की तपासणी आहे. आईनं पदरानं हात पुसत त्यांना आत घेतलं, खुर्च्या दिल्या. त्यांनी खुर्च्या घेतल्या नाहीत. एकेकाला समोर बोलावून नाव, नातं, कधीपासून, असं विचारायला लागले. काकांना उठता येईना म्हणून ते स्वतः आत गेले. वयस्कर माणसानं बँडेजकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. खोलीत आयोडीन आणि पू यांचा वास होता, आमच्या नाकाला तो केव्हाच कळेनासा झाला होता. त्यांनी मोरी पाहिली, कपाट उघडायला लावलं, कुलूप लावलेली वेगळी पेटी आहे का विचारलं, वेगळी चूल आहे का विचारलं. किरायेदार असले की चूल वेगळी असते. सगळं झाल्यावर तरुणानं पाटीवरचे आकडे मोजले आणि वयस्कराच्या कानाशी काही बोलला. वयस्करानं माझ्या पानाची प्रत काढली.

त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की यात सात लिहिलंय, कारखान्यात गेलेला माणूस धरून घरात आठ भरतात. हा आठवा कोण? तक्रार झाल्यावरसुद्धा माणूस वाढला?

 आम्ही एकमेकांकडे पाहायला लागलो, जणू आमच्यातच कोणीतरी परकं शिरलं होतं. आजी ओसरीतून म्हणायला लागली की मीच जास्तीची आहे बाबू, मी जाते उद्याच्या गाडीनं, मला लिहू नका. काकूंनी छकुलीला मागं ओढलं. मी धावत आत जाऊन कॉम्प्युटर चालू केला. तो सुरू व्हायला नेहमीसारखाच वेळ लागला आणि तेवढ्या वेळात दोघं माझ्या मागं येऊन उभे राहिले. मी चौकोन दाखवत गेले. पांढरी आजी. तांबडे काका. हिरव्या काकू, पिवळी छकुली, निळे बाबा, सुमेध, मी. सात. कोण नाही ते मला बनवल्यापासून ठाऊक होतं. खेळताना चौकोन सरकवणारा जो हात, तीच आई, अशी माझी कल्पना होती आणि ती मला फार चांगली वाटायची. आता तेच मी हिंदीत त्या माणसाला समजावत होते, की यात मां नाही, मां म्हणजे खेळणारा, म्हणजे मां सगळ्यांना झोपवते. तो माणूस वैतागला. त्याला वाटलं मी गोष्ट फिरवतेय. पाटीवाल्यानं काहीतरी लिहायला सुरुवातसुद्धा केली.

"आठवी मी व्हय," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. मग त्यांना कळावं म्हणून हिंदीत, तितक्याच हळू, "आठवीं मैं हूँ. घर मेरा है. लड़की ने मेरे को गिना नहीं."

वयस्कर माणूस तिच्याकडे वळला. त्यानं प्रतीवरच्या नकाशात पाहिलं, मग दोन्ही खोल्यांकडे. त्याला बहुधा खरंच प्रश्न पडला होता, तपासणीचा नाही, साधाच. त्यानं विचारलं, "तो आप कहाँ सोती हैं?"

 आई दारातून थोडी बाजूला झाली. आत गॅसचा ओटा आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये, एका माणसाला कुशीवर पडता येईल एवढ्या फरशीवर, भिंतीला लावून एक गुंडाळलेली सतरंजी उभी होती. नकाशात मी स्वयंपाकघर काढलं नव्हतं. माझ्या हिशेबात खोल्या दोनच होत्या. त्या माणसानं आत पाहिलं. पाटीवाल्याला म्हणाला की आठ लिही, सगळे घरचे. मग खुर्चीवर बसला आणि पाणी मागितलं.

ते गेल्यावर आईनं पोळ्या लाटायला घेतल्या. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. मी तेच पुन्हा म्हटलं, की तो हात म्हणजे तूच होतीस. तिनं पोळी तव्यावर टाकली. "हाताले झोप लागत नाई का?" ती म्हणाली. रागावून नाही. जशी सुमेधला मीठ कमी झालं का विचारायची, तशी.

ऑफिसचा निर्णय यायला पुढं बराच काळ लागला. बाबांना तोंडीच सांगण्यात आलं की दवाखान्याचा कागद आहे तोवर रोगी आणि त्याच्या माणसांनी राहायला हरकत नाही, पुढच्या वेळी पाहुणे आले की आधी कळवा. बाबांनी हे घरी सांगितलं तेव्हा कोणी मिठाई आणली नाही की हसलं नाही. काकांनी डोळे मिटून घेतले. आईनं बाबांना विचारलं की चहा घेता का, आणि त्यावरून आम्हाला कळलं की ती त्यांच्याशी पुन्हा बोलायला लागली आहे. त्याआधीच प्रदर्शन उघडलं होतं. उघडायच्या दिवशी मी पानावर एकच बदल केला, 'सात'चे 'आठ' केले. खेळात काही बदललं नाही. आठवा चौकोन मी घालून पाहिला होता. घातला की कोडं सुटत नव्हतं, कुठूनही नाही. जगातल्या कुठल्या कुठल्या गावांतून लोकांनी खेळून लिहिलं. बऱ्याच जणांना खेळ आवडला, आणि जवळजवळ प्रत्येकानं कळवलं की तुमच्या ओळीत चूक आहे, माणसं सातच आहेत. अजूनही कोणी कोणी लिहितं. पान अजून तिथंच आहे. त्या खेळावरून मला पुढं काम मिळालं, पुण्याला बोलावणं आलं, आणि आता पन्नाशीत शिरताना लोक मला खेळ बनवणारी बाई म्हणूनच ओळखतात. ओळ दुरुस्त करा म्हणणाऱ्यांना मी आभार मानून उत्तर देते, ओळ तशीच राहू देते.

काकांचा पाय वाचला. थोडा आखूड झाला, काठी लागली, पण पाय राहिला. पुढच्या उन्हाळ्यात सुमेध आणि मी त्यांना सगळ्यांना दुर्गच्या स्टेशनवर सोडून आलो. गाडी हलल्यावर काकूंनी खिडकीतून माझा हात धरला आणि म्हणाल्या की तो हिरवा डब्बा राहू दे, काढू नको. मी म्हटलं नाही काढणार. आजी रडत होती, छकुली खिडकीच्या गजांना लटकून ओरडत होती.

आम्ही घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. बैठकीच्या खोलीत सगळ्या गाद्या घडी करून एका भिंतीला रचल्या होत्या, आणि एक मात्र, काकांची जाड गादी, मधोमध पसरलेली. आई तिच्यावर आडवी झोपली होती. हातपाय पसरून, तोंड थोडं उघडं, कूलर थेट तिच्या अंगावर. मी तिला दिवसा झोपलेली कधी पाहिली नव्हती. खरं तर झोपलेलीच कधी नीट पाहिली नव्हती. खोली त्या एका गादीनं भरून गेली होती. आतल्या खोलीत जायचं तर तिला ओलांडावं लागलं असतं. सुमेध आणि मी चपला हातात घेऊन बाहेर पायरीवर बसलो. थोड्या वेळानं बाबा शिफ्टवरून आले. त्यांनी दारातून आत पाहिलं, सायकल आवाज न करता भिंतीला टेकवली, आणि आमच्याशेजारी पायरीवर बसले. संध्याकाळी नळ आला. पाणी भरायची वेळ टळली तर दुसऱ्या दिवसापर्यंत घरात पाणी नसायचं, आणि ते काम आईचं. बाबा उठले, मागच्या अंगणातून फिरून गेले, आणि बादलीत पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून नळाला फडकं बांधून एकेक बादली भरत राहिले.